तीन नंबरच्या खणातला दगड

यमुना गोविंदा कोडापे, वय सोळा, हिच्यावर अन्याय झाला. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण परीक्षकांनी शेऱ्याखाली सही करताना ती स्वतःच टाकली आहे. शेरा असा: "नमुन्याची हेतुपुरस्सर नासधूस. उर्मट उत्तर. गुण शून्य."

तिनं केलं काय ते ऐका. जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहात राहून अकरावी सायन्स शिकण्यासाठी जंगलातल्या चार शाळांमधून एक मुलगी निवडायची होती. त्याची तोंडी चाचणी. शाळांना दिलेल्या विज्ञानपेटीतला तीन नंबरच्या खणातला पांढरा दगड परीक्षकांनी पुढे केला आणि विचारलं, हा कोणता? खणावर चिठ्ठी होती, 'गारगोटी'. यमुनानं दगड हातात तोलला आणि सांगितलं, ही गारगोटी नाही. परीक्षक हसले. तिनं खांद्याची सेफ्टी पिन काढली आणि दगडावर ओढली. रेघ उठली. गारगोटी पोलादाहून कठीण असते, तिच्यावर पिनेनं रेघ उठत नाही. खनिज ओळखायची ही पहिली रीत. ती वापरली म्हणून शून्य. बाकीच्या तीन मुलींनी चिठ्ठी वाचली, 'गारगोटी' म्हणाल्या आणि त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले.

गावाचं आणि शाळेचं नाव मी लिहीत नाही. यमुनाचं लिहिते, कारण तिनंच बजावलं, "माझं नाव लिवा ताई. मी चोरी नाई केली."

वरोऱ्याहून निघाले ते

त्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक रामटेके गुरुजी. मूळचे नागभीडकडचे, शाळेच्या खोलीतच राहतात. त्यांचं आंतरदेशीय पत्र आमच्या विज्ञान मंडळाच्या पत्त्यावर आलं आणि मी ते उभ्याउभ्या वाचलं. पांढरा दगड, पिनेनं रेघ उठते, गारगोटी नाही. मी रसायनशास्त्राची बी.एस्सी. पांढरं आणि मऊ म्हणजे कॅल्साइट, चुनखडीचं भावंड. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्रक तयार: 'गारगोटीच्या चिठ्ठीखाली कॅल्साइट, जंगलातल्या मुलांची फसवणूक'. सायक्लोस्टाइलवर पाचशे प्रती काढल्या. दगड मी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे पत्रक आधी आणि पुरावा मागून अशी सवयच लागली आहे, आणि मला तिचा अभिमानही होता.

वरोऱ्याच्या स्टँडवर वाटली, चंद्रपूरच्या स्टँडवर वाटली. ज्या कचेरीनं या पेट्या शाळाशाळांत पाठवल्या आणि ही चाचणीही घेतली तिथल्या शिपायाच्या हातात पाच प्रती कोंबून आले आणि पोंभुर्ण्याची गाडी धरली.

मे महिना. खिडकीचा गज हाताला चटका देत होता. पिशवीत पत्रकांच्या गठ्ठ्यावर फडक्यात गुंडाळलेली ॲसिडची बाटली होती. कॅल्साइटवर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं, ते मला गावासमोर करून दाखवायचं होतं. अर्ध्या वाटेत कंडक्टर माझ्याजवळ येऊन वाकला.

"ताई, तुमची बॅग विडी पिऊन राह्यली का?"

बूच सैल झालं होतं. गाडी थांबवून बाटली रस्त्याच्या कडेला रिकामी केली. गठ्ठ्याच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. कंडक्टरनं एक प्रत घेतली, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मतलबाची गोष्टच खाल्ली ना याच्यातली." गाडी हसली. मी नाही हसले. सगळाच गठ्ठा जळाला असता तर बरं झालं असतं, हे समजायला अजून थोडा वेळ होता.

लिंबू

आमच्या वरोऱ्याला काळी माती, कापूस, आणि नजर जाईल तिथवर उघडं रान. इकडे धानाच्या बांध्या वाळून पडलेल्या, आणि त्यांच्या कडेपासून जंगल सुरू. तेंदूपानाचा हंगाम चालू होता. घराघरापुढे पानांचे पुडके ओळीनं वाळत टाकलेले. गावात पाय ठेवला तर कोणी रिकामं नाही. आमच्याकडे पाहुण्याला आधी खाट टाकून देतात. इथे यमुनाच्या आईनं, सोनाबाईनं, माझ्यापुढे पानांचा ढीग सरकवला आणि पुडका कसा बांधायचा ते दाखवलं. मी बांधला. तिनं तो सोडला आणि पुन्हा बांधला.

ॲसिड सांडलं होतं म्हणून मी पोंभुर्ण्याच्या बाजारातून चार लिंबं घेतली होती. कॅल्साइट लिंबाच्या रसानंही थोडं फसफसतं. ती मी पिशवीतून काढली तशी सोनाबाई लेकीला म्हणाली,

"काऊन वं यमे, हे बाई लिंबं घेऊन आली. कोनाची नजर उतरवते?"

शेजारची म्हणाली, "परीक्षावाल्या साहेबाची उतरव म्हना."

रामटेके गुरुजी पेटी घेऊन आले. निळी लाकडी पेटी, आत बारा खण, तळाला लाल मखमल. तीन नंबरच्या दगडावर यमुनाच्या पिनेची रेघ स्पष्ट होती. मी सगळ्यांना जवळ बोलावलं, लहानसं भाषणही केलं, आणि लिंबू पिळलं.

काही झालं नाही. दुसरं पिळलं. रस दगडावरून ओघळून मखमलीत मुरला. फेस नाही, बुडबुडा नाही.

"आतून फसफसत असेल," सोनाबाई म्हणाली. मला आधार द्यायचा होता की चिडवायचं होतं, अजून सांगता येत नाही.

गुरुजींनी भोक पडलेलं पत्रक हातात घेऊन वाचलं. यमुनानं त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"ताई, गुरुजीच्या चिठ्ठीत मी चुना लिवाले सांगतलंच नोतं. गारगोटी नाई, एवढंच सांगतलं. हा चुना तुमी कुठून आनला?"

"मला वाटलं."

"हातात घेऊन पाहाचं होतं ना."

दगड तिनं माझ्या तळहातावर ठेवला आणि हात खाली गेला. लिंबाएवढाही नसेल, पण लोखंडाचा वाटावा इतका जड.

"आमी याले जड्या म्हन्तो," ती म्हणाली. तिचा बाप खनिजं शोधणाऱ्या सर्व्हेच्या कॅम्पवर मजूर आहे. जमिनीत भोक पाडून वर काढलेले दगड खोक्यांत लावायचे, पोती वाहायची हे त्याचं काम. कॅम्प गावाजवळ होता तेव्हा ती रोज त्याचा डबा घेऊन जायची. कॅम्पवरची रीत अशी की सकाळी उशिरा येईल त्याच्या खांद्यावर जड्याचं पोतं. त्यामुळे कोणत्या पोत्यात जड्या आहे हे प्रत्येक मजुराला आणि त्यांच्या पोरांना नुसतं उचलून समजतं.

"मग बाकीच्या तीन मुलींना नाही समजलं?"

"मालूम होतं ना. दोघीचे बाप तिथीच कामाले हायत. चिठ्ठी होती तं चिठ्ठी वाचली त्याईनं."

"आणि तू?"

"मी काऊन वाचू? मले दगड विचारला होता."

हे वाक्य मी पत्रकात कधी लिहू शकले नसते.

मग आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं तराजू दिला, वर विचारलं, "दगडबी विकत घेऊन राह्यले का आता शहरातले लोकं?" गुरुजींनी जड्याला दोरा बांधला आणि तोलला: नव्वद ग्रॅम. मग दोऱ्याचं टोक पारड्याखाली अडकवून दगड बादलीतल्या पाण्यात बुडता ठेवला: सत्तर. वीस ग्रॅम कमी भरले. म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचं वजन वीस. नव्वद भागिले वीस, साडेचार. दगड पाण्याच्या साडेचारपट जड. यमुनानं दुकानासमोरून एक गारगोटी उचलून आणली. हवेत चाळीस, पाण्यात पंचवीस. चाळीस भागिले पंधरा, पावणेतीनला थोडं कमी. कॅल्साइटही पावणेतीनच्याच आसपास असतं. म्हणजे तो दगड गारगोटी नव्हता आणि माझं कॅल्साइटही नव्हता.

पांढरा, काचेसारखी चमक, पिनेनं ओरखडतो, आम्लाला दाद देत नाही, पाण्याच्या साडेचारपट जड. अशी एकच ओळखीची वस्तू: बराइट. बेरियमचं सल्फेट. बेरियमचा एक अणू कॅल्शियमच्या अणूच्या तिपटीहून जड असतो, ते वजन हाताला लागतं. बी.एस्सी.ला मी या संयुगाचा पांढरा साका परीक्षानळीत किती वेळा पाडला असेल. दगड म्हणून कधी हातात घेतला नव्हता.

परतताना गुरुजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, पेट्या पुरवणाऱ्या ठेकेदारानं न पाहता चिठ्ठी चिकटवली. तुम्हीही तेच केलं. आधी ते जाहीर करा." राग आला. बरोबर असलेल्या माणसाचा येतो तसा.

म्हणून जाहीर करते: ते पत्रक चुकीचं आहे. तुमच्याकडे असेल तर फाडा.

वैनगंगा ओलांडून

दुसऱ्या दिवशी पहाटेच गुरुजी, यमुना आणि मी यमुनाच्या बापाला भेटायला निघालो. कॅम्प आता नदीपलीकडे, चामोर्शीच्या बाजूला गेला होता. या पेट्या कोणी भरल्या, हे त्याला माहीत असेल असं यमुनाचं म्हणणं.

मेमधली वैनगंगा म्हणजे आधी वाळू, मग आणखी वाळू, मग गुडघाभर पाणी. वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या. वाडीवरच्या, मासे धरणाऱ्या ढिवराच्या बाईनं एक डांगर गुडघ्यावर आपटून फोडलं, आम्ही तिथेच बसून खाल्लं. यमुना वाटेत खाली बघत चालत होती. एक काळा खडा उचलून तिनं तो माझ्या पिशवीतल्या वहीच्या पुठ्ठ्यावर घासला. काळ्या दगडाची रेघ लाल उठली.

"लोहा हाय," ती म्हणाली. "पोटात लाल असते त्याच्या."

हेमॅटाइट. रंग वरवरचा असतो, घासल्यावर उठणारी रेघ खोटं बोलत नाही, हे मी तिसऱ्या वर्षाला पाठ केलं होतं. हिला ते चालताचालता येत होतं, आणि हिला शून्य. त्या वाळूत मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. गुरुजी होते म्हणून आवरलं.

गोविंदा कोडापे मोहाच्या झाडाखाली भाकर खात होता. बारीक माणूस, खांद्यावर पोत्याचे घट्टे. त्यानं आम्हाला आंबील दिली, मग सगळं ऐकून घेतलं. पेटी असं नाव निघताच त्याचा चेहरा खुलला.

"निळी पेटी? मखमलवाली? ते तं आमीच भरली, बाई. थंडीत. ठेकेदारानं कॅम्पवरचे आठ जन नेले होते."

"तीन नंबरात काय टाकलं?"

"जड्या."

"कोणी सांगितलं?"

"तो म्हने तीन नंबरात पांढरा टाका. नाव नाई घेतलं त्यानं. पांढरा म्हनला." त्यानं कमरेची थैली सोडली आणि आतून गारगोटीचा तुकडा काढला. त्यावर लोखंडाची पट्टी मारून सावरीच्या कापसावर ठिणगी पाडली आणि विडी पेटवली. "हे पाहा. हे गारगोटी. कमरेले बांधून रायते, रस्त्यानं पायात येते. लेकराईच्या शिक्षनाची पेटी, तिच्यात मखमलीवर हे ठेवाची? साहेब लोक मशीन घेऊन ज्याच्यासाठी जंगलात आले, तोच दगड मोठा ना. आमी निवडून निवडून जड्या टाकला. चांगला माल."

यमुना आंबिलीच्या गाडग्याकडे बघत होती. गोविंदानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग हिले शून्य माझ्यानंच भेटलं म्हना ना."

"नाही हो भाऊ."

"नाई कसं."

"बाबा, पिनेनं मी वरखलो त्याच्यावर," यमुना म्हणाली. "तुमचं काय त्याच्यात?"

तो विडी ओढत राहिला. मग म्हणाला, "नावाची पट्टी आमी नाई चिकटवली. पट्ट्या छापून आल्या होत्या, त्याईच्या मानसानं लावल्या. मले वाचता येत नाई. त्याले येत होतं ना?"

हे लिहू का, असं मी विचारलं. काम जाऊ शकतं हेही सांगितलं. त्यानं विडी संपवून थोटूक मातीत दाबलं.

"लिवा. पन चांगला माल टाकला होता, हे बी लिवा."

लिहिलं.

त्याच दुपारी कॅम्पजवळच्या दुसऱ्या एका शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी घरून किल्ली आणली. पेटी कपाटावर होती, वर फुटके नकाशे. सील जसंच्या तसं. हिवाळ्यात आलेली पेटी कोणी उघडलीच नव्हती.

"पावती वरून आली, आम्ही सही केली," ते म्हणाले. "सुस्थितीत मिळाली असं लिहायचं असतं."

"न उघडता?"

"उघडली आणि काही फुटलं तर भरपाई कोण देणार?"

आम्ही उघडली. मुख्याध्यापक शेवटी स्वतःच पुढे झाले, पिन त्यांनीच ओढली, कारण मी त्यांच्या हातात दिली. तीन नंबर: रेघ उठली. वाण्याकडे नेऊन तोलला, इथेही साडेचारपट. त्यांनी कोऱ्या कागदावर तसं लिहिलं, सही केली, आणि कागद मला देण्याआधी तीनदा वाचला. भित्रा माणूस होता, पण त्यानं केलं.

चंद्रपूर, कचेरी

साहेब सभ्य होते. मला सभ्य साहेबांचा जास्त राग येतो. पंख्याखाली बसवलं, पाणी मागवलं. टेबलावर माझंच पत्रक होतं, 'कॅल्साइट' या शब्दाखाली तांबड्या पेन्सिलीच्या दोन रेघा.

"आपण म्हणता कॅल्साइट. हे शिक्षक म्हणतात बराइट. मुलगी म्हणते जड्या. तुमचं आधी ठरू द्या."

मी म्हटलं, चूक माझी आहे, लेखी देते. मुलीनं कॅल्साइट म्हटलंच नव्हतं. ती एवढंच म्हणाली की ही गारगोटी नाही, आणि ती बरोबर होती. दगड गुरुजींच्या पिशवीत आहे. बादलीभर पाणी आणि तराजू मागवा, पाच मिनिटांचं काम.

"इथे परीक्षा आम्ही घेतो, मॅडम."

"तुम्ही घेतलीत म्हणूनच आलो आहोत," गुरुजी म्हणाले. आख्ख्या प्रवासात त्यांचा आवाज तेवढाच एकदा चढला.

साहेबांनी नदीपलीकडच्या मुख्याध्यापकांचा कागद बघितला. मग तो उलटा करून ठेवला. दोन पेट्यांवरून काही सिद्ध होत नाही, म्हणाले. दगड नंतर बदलले नाहीत कशावरून? बाकी एकाही शाळेची तक्रार नाही. दहा शाळांनी स्वतःहून, सहीनिशी लिहून दिलं, तर निवडयादी कायम होण्याआधी फेरचाचणीचा विचार करता येईल. यादी कायम होणार कॉलेज उघडेल तेव्हा.

एकाही शाळेची तक्रार नाही, कारण शाळांना सुट्टी आहे आणि पेट्या कपाटांवर आहेत. हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. दहाचा आकडा त्यांनी म्हणूनच काढला. लिहून मात्र दिला नाही. मी आणि गुरुजींनी तो कानांनी ऐकला.

बाहेर आलो तर यमुना कचेरीच्या पायरीवर बसली होती. तिला आत येऊ दिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, पत्रकावरच्या दोन तांबड्या रेघासुद्धा.

"मंग अजून आठ शाळा पाह्यजे," ती म्हणाली.

ती निवडली गेली नाही तर काय, हे तिला ठाऊक आहे. गावात पुढची शाळा नाही. तेंदूपानं संपली की धानाची रोवणी, आणि रोवणीला गेलेली मुलगी पुन्हा वर्गात बसत नाही, असं गुरुजी बसमध्ये म्हणाले. ती खिडकीकडे तोंड करून होती, पण ऐकत होती. निवडली गेलेल्या मुलीची जागा हिसकावून घ्या, असं आम्ही म्हणत नाही. चौघींना पुन्हा बोलवा, चिठ्ठ्या काढून टाका, आणि दगड विचारा.

तुम्ही हे वाचत आहात म्हणजे बहुधा शिक्षक आहात, किंवा सायन्सचे विद्यार्थी. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या कोणत्याही शाळेत निळी पेटी असेल तर शाळा उघडायची वाट पाहू नका. आज मुख्याध्यापकांच्या घरी जा, किल्ली मागा, नाही म्हणाले तर दारात बसा. तीन नंबरचा दगड काढा. पिन ओढा. वाण्याच्या तराजूवर हवेत तोला, मग पाण्यात तोला. तुमचा दगड खरोखर गारगोटी निघाला तर तसंच लिहा, मला सोयीचं म्हणून काही लिहू नका, ते मी करून बसले आहे. जे दिसलं ते पोस्टकार्डावर लिहा: शाळेचं नाव, रेघ उठली की नाही, हवेतलं वजन, पाण्यातलं वजन. कार्ड पेट्या पाठवणाऱ्या चंद्रपूरच्या त्या कचेरीला टाका, एक प्रत आमच्या मंडळाला. आणि खाली 'एक शिक्षक' किंवा 'एक हितचिंतक' असं लिहू नका. पूर्ण नाव लिहून सही करा.